खणलेल्या भूमीला पुन्हा रान कसे येते?

शाळेच्या सहलीत पेडणे तालुक्यातून शापोरा नदीच्या काठाने चालत असता एका ठिकाणी आमचे विद्यार्थी थबकले. काठ तुटून नदीत गेला होता. एक माड मुळे उघडी पडून पाण्यावर ओणवा झाला होता. पूर्वी ओहोटीच्या वेळी येथे गुडघाभर पाण्यात रेतीवरून चालता येई, असे एक वृद्ध गावकरी सांगत होते. आता तेथेच काठालगत उंच बांबूही बुडेल एवढी खोली झाली होती. सहावीतल्या एका मुलाने आम्हांस विचारले, “हो फोंड केन्ना भरतलो?” हा खड्डा कधी भरेल? आम्ही चटकन सांगून टाकले, “पावसाळ्यात पूर येतो ना, तेव्हा भरेल.” मुलगा गप्प बसला, परंतु आमचे समाधान झाले नाही. दिलेले उत्तर अर्धेच होते, हे आमच्या घरी परतल्यावर ध्यानात आले. राहिलेले अर्धे उत्तर या लेखात द्यावे, असा आमचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सगळे खड्डे एका जातीचे नसतात. नदीच्या पात्रातून रेती काढल्याने पडलेला खड्डा निराळा, सड्यावर चिरे काढून झाल्यावर उरलेली चिरेखाण निराळी, आणि डोंगर पोखरून लोहखनिज काढल्यावर राहिलेली खाण आणखी निराळी. आपल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत हे तिन्ही प्रकार पाहावयास मिळतात. वैद्याने रोग ओळखल्यावाचून औषध देऊ नये, तद्वत खड्ड्याची जात ओळखल्यावाचून तो कसा बुजेल हे सांगू नये.

आरंभ रेतीपासून करू. रेती म्हणजे फुटलेला डोंगरच होय. सह्याद्रीचा खडक ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांनी फुटतो. त्याचे तुकडे ओहोळांतून नदीत येतात. नदी त्यांना लोटीत, घाशीत खाली आणते. मोठे धोंडे वरच राहतात, गोटे मधल्या भागात अडकतात आणि रेती खाली सपाटीपर्यंत पोहोचते. नदीचा वेग जेथे मंदावतो तेथे ती बसते. साखळीवरून वाहणाऱ्या वाळवंटी नदीच्या नावातही आपणांस वाळवंट, म्हणजे नदीकाठचा वाळूचा पट्टा, हा जुना शब्द ऐकू येतो.

या रेतीवाचून आजचे घर उभे राहत नाही. सिमेंटात रेती आणि खडी मिसळल्याखेरीज काँक्रीट होत नाही. वाळवंटी प्रदेशातली वाळू त्या कामी फारशी उपयोगी पडत नाही, कारण वाऱ्याने घासून तिचे कण गोल आणि गुळगुळीत झालेले असतात व ते एकमेकांत नीट अडकत नाहीत. म्हणून साऱ्या जगाची दृष्टी नद्यांकडे वळते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू व खडी वापरली जाते. पाण्याखालोखाल माणूस सर्वांत अधिक वापरतो तो पदार्थ हाच.

आता नदीतल्या खड्ड्याकडे वळू. आपल्याकडे पूर्वी होडी नांगरून, बांबूच्या आधाराने बुडी मारून रेती वर काढीत. ते काम अतिशय कष्टाचे होते, आणि त्या कष्टांमुळेच त्यास आपोआप मर्यादा पडे. माणसाच्या छातीत दम असेल तेवढीच रेती निघे. पाण्याच्या तळाशी पंप लावून रेती ओढण्याचा मार्ग सापडल्यावर ती मर्यादा नाहीशी झाली. वर्षभरात नदी जेवढी रेती आणते त्याहून अधिक काढली, की तळ खोल होतो. तळ खोल झाला की काठाचा पाया सुटतो आणि काठ ढासळतो. त्या काठावरचा माड, त्यामागची शेती, कधी कधी घरही संकटात येते. शिवाय आपल्या नद्यांना समुद्राची भरती चढते. तळ खालावला म्हणजे खारे पाणी पूर्वीपेक्षा आत शिरू शकते, आणि काठच्या विहिरींचे पाणी मचूळ होण्याचे भय उत्पन्न होते.

हा खड्डा भरून येण्यासाठी नदीला माणसाच्या हाताची गरज नाही. माणसाने हात काढून घेण्याची गरज आहे. पूर रेती आणतो हे खरे. परंतु दोन अटी आहेत. एक, भरण्याआधीच पुन्हा उपसा होता कामा नये. दुसरी, वरून रेती येत राहिली पाहिजे. शापोरेचे पाणी महाराष्ट्रातील तिळारीच्या खोऱ्यातून येते. तेथे धरण आहे, आणि कोणतेही धरण पाण्याबरोबर रेतीही अडविते. म्हणून वडीलधाऱ्यांनी आपल्या बालपणी नदीला जेवढी रेती येताना पाहिली, तेवढीच आजही येत असेल असे धरून चालता येत नाही. “पावसाळ्यात भरेल” या आमच्या उत्तरात या दोन्ही अटी राहून गेल्या होत्या.

आता डोंगरावरच्या खड्ड्याची गोष्ट पाहू. तेथे नदी नाही, पूर नाही. खड्डा भरण्यास वरून काही येत नाही. आले तर पावसाचे पाणी तेवढे येते. म्हणजे नदीच्या खड्ड्यास जी विश्रांती पुरते ती येथे पुरत नाही. येथे माणसाला काम करावे लागते. ते काम कसे करतात याचे आपल्या जवळचे उदाहरण डिचोली तालुक्यातील साखळीच्या खाणीचे आहे.

साखळीची ही लोहखनिजाची खाण सेसा गोवा या कंपनीची. ही कंपनी १९५४ साली, पोर्तुगीज अमदानीत, सुरू झाली. पुढे ती वेदांत समूहात गेली. साखळीच्या खाणीतील खनिज १९९० च्या दशकात संपुष्टात आले. खाणीच्या सुमारे २०० हेक्टर क्षेत्रात खोल खड्डे आणि टाकाऊ मातीचे ढिगारे उरले. गोव्यात एक टन खनिज मिळविण्यासाठी साधारणपणे अडीच ते तीन टन माती व दगड बाजूस टाकावे लागत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ढिगाऱ्यांची कल्पना येईल. खाणीला खड्डा एक असतो, परंतु जखमा दोन असतात: एक खणलेल्या जागेची, दुसरी टाकलेल्या मातीची.

या जागेवर पुढे वनीकरण झाले. बांबूची बने, औषधी वनस्पतींची वाटिका आणि फुलपाखरांसाठी उद्यान उभे राहिले. खड्ड्यात साठलेल्या पाण्यात मत्स्यपालनाचे प्रयोग झाले. तेथेच १९९९ साली फुटबॉलचे शिक्षण देणारी संस्थाही सुरू झाली. सरकारने कायद्याने घोषित केलेले हे अभयारण्य नव्हे. खाणकंपनीने आपल्या ताब्यातील जागेवर केलेले हे काम आहे, हा भेद विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. परंतु उघड्या मातीवर रान कसे आणतात, हे शिकण्यास ते उत्तम आहे. ते काम पायरीपायरीने चालते.

पहिली पायरी उताराची. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे १२० इंच, पाऊस पडतो. उघड्या ढिगाऱ्यावर हा पाऊस कोसळला की माती लाल लोंढ्याबरोबर ओहोळात, तेथून शेतात आणि नदीत जाते. शेतात बसलेला तो गाळ भाताचा घात करतो. म्हणून प्रथम ढिगाऱ्याचा कडा उतरता करून त्याला मजगीच्या शेतासारख्या पायऱ्या देतात. पायथ्याशी चिऱ्यांची भिंत बांधतात, भोवती पाट खणतात, आणि पाटाचे पाणी ओहोळात सोडण्यापूर्वी तळीत निवळू देतात. उतारावर काथ्याच्या जाळ्या अंथरतात. आपल्याच माडाच्या सोडणापासून झालेला हा काथ्या काही वर्षे माती धरून ठेवतो, आणि झाडांची मुळे ते काम हाती घेईपर्यंत कुजून खतात मिसळतो.

दुसरी पायरी मातीची. सगळी माती सारखी नसते. डोंगराच्या अंगावरचा वीतभर थर जिवंत असतो. त्यात कुजलेला पाला, गांडुळे, बुरशी, जिवाणू आणि बिया असतात. एक इंच जाडीचा असा थर तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. त्याखालचा मुरूम व खनिज-माती जवळजवळ निर्जीव असते. खाण खणताना जिवंत थर वेगळा काढून न ठेवता खालच्या मातीत मिसळला, तर ती चूक नंतर कितीही धन ओतून पुरतेपणी सुधारत नाही. गृहिणी दुधावरची साय आधी अलगद काढून ठेवते. दूध नासल्यावर ती शोधीत बसत नाही. खाणीतही तोच विवेक हवा.

तिसरी पायरी झाडांच्या क्रमाची. निर्जीव मातीत एकदम किंजळ किंवा जांभूळ लावून भागत नाही. प्रथम काटक झाडे लावावी लागतात. गोव्याच्या ढिगाऱ्यांवर या कामासाठी ऑस्ट्रेलियातून आलेली अकेशिया पुष्कळ लावली गेली. तिच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र मातीत आणतात, म्हणून ती नापीक जमिनीतही झपाट्याने वाढते आणि सावली करते. परंतु तिचा पाला सावकाश कुजतो, त्याचा जाड थर साचतो, आणि त्याखाली देशी झाडांची रोपे सहसा माजत नाहीत. आपल्या पशुपक्ष्यांना तिच्यापासून अन्नही थोडेच मिळते. अकेशिया ही दाई होय, आई नव्हे. तिने मूल सांभाळावे आणि वेळ झाली की बाजूला व्हावे. म्हणूनच साखळीत नुसत्या अकेशियावर न थांबता काजू, बांबू आणि देशी झाडे लावली गेली, हे महत्त्वाचे आहे. केवळ हिरवा रंग दिसला म्हणजे रान आले असे नव्हे.

चौथी पायरी प्राण्यांची. ती माणसाला चढता येत नाही. तो केवळ दार उघडे ठेवू शकतो. फुलपाखरू केवळ फुलासाठी येत नाही. अळीला खावयास योग्य पान असेल तेथेच मादी अंडी घालते. कढीपत्त्यावर आणि लिंबाच्या कुळातील झाडांवर एका काळ्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात, रुईवर दुसऱ्या एका केशरी फुलपाखराच्या. झाड लावले की फुलपाखरू येते. फुलपाखरू आले की त्यावर जगणारा पक्षी येतो. पक्षी फळ खाऊन बी टाकतो आणि माणसाने न लावलेले झाड उगवते. हे न लावलेले झाड दिसले, की समजावे, येथे आता रान आपल्या पायांवर उभे राहू लागले.

आपल्याकडील खाण लोहखनिजाची होती. वाळूच्या खाणीचेच रान झाल्याचे उदाहरण पाहावयाचे तर दिल्लीस जावे लागेल. दिल्लीच्या दक्षिणेस अरवली पर्वताच्या शेवटच्या रांगेत भट्टी नावाची जागा आहे. तेथे खडक कुजून झालेली जाडसर वाळू सापडे. ती बदरपूर या नावाने विकली जाई आणि दिल्लीतील असंख्य घरे तिने बांधली गेली. खणून खणून तेथे मोठमोठे खड्डे पडले. शेजारच्या असोला भागास १९८६ साली व भट्टीस १९९१ साली अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. दोहोंचे मिळून क्षेत्र सुमारे ३२ चौरस किलोमीटर आहे. पुढे प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण दलाने तेथे वृक्षारोपण केले. जुन्या खाणींत पाणी साठून तळी झाली, आणि राजधानीच्या उंबरठ्यावर असलेल्या या रानात बिबट्याचाही वावर आढळून आला.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचे गाव आहे. तेथे १९२९ पासून वाळू व खडी काढीत. खड्ड्यांत पाणी भरून तळी झाली, आणि १९६६ साली तेथे निसर्ग-राखीव क्षेत्र सुरू झाले. त्याचे उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो या विख्यात निसर्ग-अभ्यासकांनी केले. गावाचे आणि उद्घाटकाचे नाव एकच, हा योगायोग मौजेचा आहे. तेथील उथळ काठ, बेटे आणि वेताळ झुडपे यांवर आज पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. नदीच्या पात्रात न शिरता काठाबाजूला खणलेला खड्डा, त्याला उथळ काठ, आणि खणणे संपताच मिळालेले संरक्षण, या तीन गोष्टी तेथे जुळून आल्या.

ही उदाहरणे वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, “मग चिंता कसली? आधी खणावे, मग रान लावावे!” ही समजूत घातक आहे, आणि ती दूर व्हावी यासाठीच मुख्यत्वे हा लेख लिहिला आहे. ढिगाऱ्यावर झाडे येतात, पण गेलेला डोंगर परत येत नाही. डोंगर हा नुसता मातीचा उंचवटा नसतो. जांभ्या दगडाचा सच्छिद्र डोंगर पावसाचे पाणी पिऊन ठेवतो आणि उन्हाळ्यात झरीच्या रूपाने गावाला परत देतो. त्याच पाण्यावर कुळागर जगते आणि वायंगणाचे भात पिकते. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली आणि आत येणारे पाणी रात्रंदिवस उपसून टाकले, की भोवतालच्या विहिरी व झरी आटू लागतात. आपल्या तालुक्यातील शिरगावात पाण्याचा हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला होता. फुलपाखरांची बाग सुंदर असते. परंतु ती झरीची जागा घेऊ शकत नाही. भरलेली जखम आणि न झालेली जखम यांत अंतर राहतेच.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या पानाचे वाचक असलेल्या कितीतरी घरांची चूल खाणीवर, ट्रकावर, बार्जवर किंवा रेतीच्या होडीवर पेटत आली आहे. २०१२ साली गोव्यातील खाणकाम थांबले, आणि पुन्हा सुरू झाल्यावर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा त्या घरांवर काय ओढवले हे आमच्या वर्गातील मुलांना सांगावे लागत नाही. दिल्लीतही भट्टीची खाण बंद होऊन अभयारण्य झाले, तेव्हा पिढीजात माती खणणाऱ्या ओड समाजाच्या मजुरांची वस्ती त्या हद्दीत सापडली आणि त्यांच्या राहण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. ज्याच्या कुदळीने शहर बांधले, त्यालाच रानाचा शत्रू ठरवणे न्यायाचे नव्हे. खड्डा बुजविण्याच्या योजनेत ज्यांनी तो खणला त्या हातांना काम असले पाहिजे. पायऱ्या बांधणे, रोपे वाढविणे, तळी राखणे ही कामे हातांचीच आहेत.

डिचोलीत २०२४ साली खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. म्हणून हा विषय पुस्तकी राहिलेला नाही. आपल्या बाजूने आता कायदाही आहे. खाण बंद झाल्यावर जागेचे काय करावयाचे याचा आराखडा आधीच देण्याचे बंधन २००३ पासून आहे. खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत आणि वनस्पती उगवतील अशी तिची पूर्वस्थिती करण्याची अट खाणपट्ट्यांत घालावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले आहे. मोठ्या प्रकल्पापूर्वी जनसुनावणी होते, तेथे साधा ग्रामस्थही उभा राहून प्रश्न विचारू शकतो. विचारावयाचे प्रश्न कठीण नाहीत. वरची माती कोठे ठेवणार? झरी कोणत्या व त्या वाचणार कशा? ढिगारा पावसात कोण धरून ठेवणार? शेवटी उरणाऱ्या खड्ड्याचे काय करणार, आणि त्यासाठीचे पैसे आजच बाजूला ठेवले आहेत काय? आजचे आमचे विद्यार्थी उद्या त्या सभेत बसणार आहेत.

तोपर्यंत त्यांनी आपल्या गावाजवळची एखादी जुनी चिरेखाण वडील माणसांसमवेत, सुरक्षित अंतरावरून, वर्षभर पाहावी. पाण्याने भरलेल्या खाणीत किंवा रेती काढलेल्या पात्रात मात्र कोणीही उतरू नये. अशा ठिकाणी काठ सरळ तुटलेला असतो, पाऊल एकदम खोल जाते आणि पोहणाऱ्यालाही वर चढण्यास आधार सापडत नाही. काठावरूनच वहीत नोंद करावी: मृगात कोणते गवत प्रथम उगवले, कोणता पक्षी पाण्यावर आला, कोणते झाड कोणी न लावता वाढले. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी शाळेत जमल्या, तर तो आमच्या गावांचा मोलाचा दस्तऐवज होईल.

आणि आता त्या मुलाच्या प्रश्नाचे पुरते उत्तर. नदीतला फोंड आपण थांबलो तर भरेल, आणि वरून रेती येत राहिली तर भरेल. डोंगरावरचा फोंड आपण थांबून भागणार नाही. तेथे आपल्याला राबावे लागेल, आणि त्याचे रान पाहण्यास कदाचित आपली मुले असतील. दोन्ही ठिकाणी पहिला शब्द एकच आहे, तो म्हणजे थांबणे. हे उत्तर त्या दिवशी नदीकाठी आम्हांस सुचावयास हवे होते. ते उशिरा सुचले. पण तो मुलगा अजून आमच्याच शाळेत आहे, हा अंक त्याच्याही हाती पडेल.